विहीर कुणाची? तुमचीच!

टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर माझा ढाबा आहे. ढाबा म्हणजे काय, पत्र्याची शेड, चार टेबलं, चूल आणि भिंतीवर एक टीव्ही. टीव्ही गिऱ्हाइकांसाठी. मला दुपारच्या गर्दीत मान वर करायलाही फुरसत नसते. पण त्या दुपारी आमटी वाढता वाढता कानावर एक आवाज आला आणि मी हातात डाव घेऊन तशीच उभी राहिले. तो आवाज अख्ख्या महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे म्हणा. नटच आहे तो, आणि चांगला मोठा. पण माझी ओळख निराळी. माझ्या माहेरच्या वाडीला लागून त्यानं जमीन घेतलीय, तिथं बंगला बांधलाय. म्हणजे तो माझ्या बापाचा शेजारी लागतो.

मुलाखत घेणारी पोरगी विचारत होती, "सर, आपल्या देशातल्या माणसाचा खरा स्वभाव कोणता?" आणि साहेब पायावर पाय टाकून सांगत होते. परदेशात म्हणे सगळं 'माझं, माझं' चालतं. आपला माणूस मात्र नम्र. रक्तातच आहे म्हणे. मग त्यांनी पुरावा दिला. "माझ्या घराशेजारी एक वृद्ध शेतकरी राहतात. मी त्यांना विचारलं, बाबा, ही विहीर कुणाची? त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, तुमचीच आहे. जगात कुठं मिळेल असं उत्तर? आपल्या लोकांना 'माझं' म्हणताच येत नाही." पोरीनं डोळे टिपले. समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या ढाब्यावर नेहमी जेवणारा एक एसटीचा ड्रायव्हर आहे. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "वा! खरंय बाबा. आपली माणसंच तशी."

"जेवा गुपचूप," मी म्हटलं. "तो म्हातारा माझा बाप आहे."

त्या बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचा काय दोष? टाळी वाजवण्यासारखंच सांगितलं होतं त्या मेल्यानं. पण माझं डोकं असं फिरलं की आमटीत मी परत एकदा मीठ घातलं आणि त्या दिवशीची सगळी गिऱ्हाइकं खारट आमटी खाऊन गेली.

तर आता खरं काय ते मी सांगते. मी त्या दिवशी तिथं होते. गौरीला माहेरी गेले होते आणि ओट्यावर बसून वहिनीबरोबर पत्रीची पानं वेगळी करत होते.

पहिली गोष्ट ही की माझा बाप नम्र नाही. मुलगी आहे म्हणून सांगते, नम्रता त्याच्या अंगात औषधालाही सापडायची नाही. त्याची काकडी तालुक्यात सगळ्यात गोड. त्याच्या वालासारखा वाल मुरबाडच्या बाजारात येत नाही. भजनात त्याच्यासारखा आवाज कुणाचा लागत नाही, बाकीचे नुसते रेकतात. लग्नाला गेला की न विचारता पुढच्या रांगेत बसणार आणि नवरदेवाच्या बापाला सल्ला देणार. असा माणूस. आणि हात जोडले म्हणे! हात जोडले नव्हते. बा तंबाखू मळत होता. डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू आणि वरून उजव्या हाताचा अंगठा. त्यात या साहेबांना नमस्कार दिसला.

दुसरी गोष्ट बोलण्याची. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरून अंगणात आले. नवा शेजारी, त्यात एवढा मोठा माणूस. बाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं घोंगडी टाकली, वहिनीला ताक आणायला लावलं, वेलावरची काकडी तोडून कापली. साहेबांनी विचारलं, "घर तुमचंच का बाबा?" बा म्हणाला, "तुमचंच हाय." माझी भाची रांगत रांगत ओट्याच्या कडेला आली होती, तिच्याकडं बघून साहेब म्हणाले, "ही कुणाची?" बा म्हणाला, "तुमचीच की!" मग गोठ्यातले बैल. तेही तुमचेच. मग खालच्या बांधाकडं बोट दाखवून, "आणि ती विहीर कुणाची?" बा म्हणाला, "तुमचीच हाय. प्या किती पानी प्यायचं ते."

आता आमच्याकडं कुणीही असंच बोलतं. आमच्याकडंच कशाला, मराठी बोलणारा कुठलाही माणूस असंच बोलतो. पोर कुणाचं विचारलं तर 'माझं' असं तोंड वर करून सांगणारा माणूस उर्मट ठरतो. आणि आमच्या वाडीत पाहुण्यानं यावर काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. "देव तुमाला बरकत देवो." म्हणजे तुमचं तुम्हाला परत. झालं, दोघांचा मान राहिला, कुणाच्या खिशातून काही गेलं नाही. साहेबांनी बरकतबिरकत काही म्हटलं नाही. नुसते हसले, काकडीची फोड उचलली आणि गेले.

होळी झाली आणि बंगल्याच्या आवाराला विहिरीसकट तारेचं कुंपण पडलं. त्यावर हिरवी जाळी, पुढं लोखंडी गेट, गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी वॉचमन. माझी वहिनी सकाळी हंडा-कळशी घेऊन गेली तर वॉचमन म्हणाला, "साब का कुआँ है. बुड्ढे ने खुद बोला."

वहिनी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "बुड्ड्यानं नात पन दिली होती, ती का नाय नेलीस रं?" पण वॉचमनला मराठी येत नव्हतं आणि कुलपाची किल्ली त्याच्याकडं होती.

ती विहीर कागदावर त्याचीच, हे मला ठाऊक आहे. जमीन कल्याणला राहणाऱ्या एका खातेदाराची होती. माझ्या आज्याच्या काळात वाडीतल्या माणसांनी त्याला विचारून आपल्या हातांनी ती खणली. तो म्हणाला होता, खणा नि प्या. लिहून काही घेतलं नाही, तेव्हा कोण घेत होतं? पुढं त्याच्या पोरांनी जमीन विकली आणि विहीर जमिनीबरोबर गेली. ठीक. पण मग माझ्या बापाला विचारलं कशाला, कुणाची म्हणून? कागद खिशात होता ना? त्याला माहीत होतं की पाणी वाडी भरते. त्याला फक्त एका म्हाताऱ्याचं 'तुमचीच' हवं होतं, म्हणजे रात्री झोप बरी लागते.

धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शहापूरकडच्या माणसाला विचारा, मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणाचं नाव काढून बघा. एप्रिल उजाडला तशा आमच्या वाडीच्या बायका पुन्हा नदीत उतरल्या. कोरड्या पात्रात वाळू उकरायची, खड्ड्यात पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीनं हंडा भरायचा. त्या खड्ड्याला डवरा म्हणतात. वहिनीचं लेकरू अंगावर पितं होतं, त्याला कडेवर घेऊन ती जायची. येताना चढ. एकदा पाय घसरला, हंडा गेला, पोर वाचलं. मी ते ऐकलं आणि ढाब्यावर बसून रडले, दुसरं काय करणार.

पण त्याहून वाईट घरात झालं. वाडी म्हणायला लागली, म्हाताऱ्यानं विहीर देऊन टाकली. आधी मागं, मग तोंडावर. बायका हंडे घेऊन आमच्या अंगणावरून जाताना मोठ्यानं बोलायच्या, "कुनाला काय देऊ नि काय नको असं झालंय एकेकाला." बा ओट्यावरून उठून आत जायचा. मारुतीच्या देवळात बसायचं त्यानं सोडलं. भजनाला जाईना. एवढा बढाईखोर माणूस, पण त्या उन्हाळ्यात आपल्या काकडीबद्दल चकार शब्द बोलला नाही, तेव्हाच मी घाबरले.

मी त्याला म्हटलं, "बा, जा आणि सांग त्याला. बोलायची पद्धत असते म्हणावं. विहीर दिली नव्हती."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "शब्द माजा हाय. थुकलेलं चाटू?"

"अरे पण तू पाहुण्याला बोललास!"

"त्येच तर. पाहुन्याला बोललो. आता पाहुन्याच्या दारात जाऊन नाय म्हनू?"

तेव्हा मला बापाचाही राग आला. भीड भिकेची बहीण, हे त्यानंच मला लहानपणी शिकवलेलं. मी टोकावड्याला ढाबा टाकला तेव्हा मला म्हणाला होता, गिऱ्हाइकाला भिडेपोटी फुकट वाढशील तर चूल विझेल. आणि स्वतः मात्र भिडेपायी वाडीला डवऱ्यावर धाडून बसला.

अशात ती मुलाखत. ढाब्यावर मी ती बघितली आणि संध्याकाळपर्यंत तीच वाडीतल्या सगळ्या मोबाइलांवर. खाली हात जोडलेली चित्रं, झेंडे, 'गर्व आहे'. मला सगळ्यात संताप कशाचा आला असेल तर याचा, की वाडीतल्या काही पोरांना ते आवडलं! आपल्या वाडीची गोष्ट टीव्हीवर आली म्हणे. अरे, तुमच्या आया वाळू उकरतायत आणि तो तुमच्या नम्रतेचे पोवाडे गातोय, नि तुम्ही अंगठे दाखवताय?

या मोठ्या माणसांना देशाचा स्वभाव सांगायला कुणी सांगितलंय? दर आठवड्याला एक उठतो. परवा एक नटी सांगत होती, आपल्या बाईचा खरा दागिना लाज. बाई, तू एकदा आवणीला ये. गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावताना लुगडं कुठवर खोचतात ते बघ आणि मग दागिन्यांचं बोल. कुणी खेळाडू म्हणतो, आपण फार विनयी म्हणून मागं पडतो. कुणी म्हणतो, आपण विनयी म्हणून थोर. यांचं एकमेकांत जमत नाही, पण आमच्याबद्दल मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक. आणि कुणी नम्र असावं हे सांगणारा स्वतः कधी नम्र नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? सासू सुनेला सांगते, मालक गड्याला सांगतो. गेटच्या आतला गेटच्या बाहेरच्याला सांगतो.

थोड्या दिवसांनी ढाब्यावर एक गाडी थांबली. दोन माणसं आणि माइकवाली एक पोरगी, चॅनेलची. पिठलं-भाकरी खाल्ली, फोटो काढले, छान छान म्हणाली. मग पोरीनं विचारलं, "मावशी, त्या विहिरीवाल्या आजोबांचं घर कुठं आहे? साहेबांबरोबर त्यांची भेट शूट करायचीय. लोकांना फार आवडले ते."

मी हात पुसले. चुलीवरचं उतरवलं. आमच्या ह्यांना म्हटलं, गल्ल्यावर बसा. आणि पोरीला म्हटलं, "चला, मीच दाखवते. माझं माहेर आहे."

वाडीत पोचल्यावर बाला सांगितलं, टीव्हीवाले आलेत, तुला साहेबांच्या घरी न्यायला. मला वाटलं तो नाहीच म्हणेल. त्यानं हातातली तंबाखू झटकली. मग उठला, धुतलेलं धोतर नेसला, टोपी घातली, आरशात बघून ती तिरकी केली. होळीनंतर पहिल्यांदाच त्यानं आरशात बघितलं होतं.

"वन्सं, मामंजी करतायत काय?" वहिनी माझ्या कानाशी म्हणाली.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

निघताना बा तिला एवढंच म्हणाला, "हंडा घे गो बरोबर."

पोरगी म्हणाली, "आजोबा, हंडा कशाला?"

"आमच्यात रिकाम्या हातानं जात नाय कोनाच्या घरी," बा म्हणाला. पोरीला हे फार आवडलं. तिनं कॅमेरावाल्याला हंडा घ्यायला सांगितलं, म्हणजे चित्रात.

गेट आज सताड उघडं होतं, कॅमेऱ्यासाठी. साहेब पांढरा कुडता घालून अनवाणी बाहेर आले. अनवाणीसुद्धा कॅमेऱ्यासाठीच, कारण चपला पायरीच्या मागं ठेवलेल्या मला दिसत होत्या. त्यांनी खरेखुरे हात जोडले, वाकले आणि म्हणाले, "या बाबा, या! संकोच करू नका. हे घर तुमचंच आहे."

बा उंबऱ्याबाहेर थांबला. मान तिरकी करून म्हणाला, "आमचं?"

"तुमचंच! शंभर टक्के तुमचं." साहेबांनी आवाज चढवला, माइकला नीट यावा म्हणून.

"घर आमचं. मग आवार?"

"सगळं तुमचंच, बाबा."

"नि विहीर?"

इथं साहेब थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. कळलं त्यांना. मला कुणी सांगू नये की मुंबईत वाढलेल्या माणसाला आमची बोली कळत नाही. अगदी बरोबर कळली. पण समोर कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्यातूनच त्यांनी जगाला आपला राष्ट्रीय स्वभाव सांगितला होता. ते हसले, पण हसू नुसतं दातांवर होतं. म्हणाले, "विहीर... तीही तुमचीच की."

आता बा "देव तुमाला बरकत देवो" म्हणेल असं मला वाटलं. तीच रीत आहे. यजमानानं दिलेलं पाहुण्यानं परत करायचं. बानं ते म्हटलं नाही. तो वळला आणि वहिनीला म्हणाला, "ऐकलास ना गो? सांग सगळ्यांना."

वहिनी कुंपणाशी गेली आणि जी ओरडली ती खालच्या नदीपर्यंत ऐकू गेली असेल. "ए बायांनो! या गो! विहीर आपली हाय! साएब बोलतायत, टीव्हीवर बोलतायत!"

बायका आधी बिचकत आल्या, मग धावत आल्या. हंडे, कळशा, एकीनं तर भातासाठी ठेवलेलं पातेलंच उचलून आणलेलं. वॉचमन साहेबांकडं बघत होता आणि साहेब कॅमेऱ्याकडं. रहाटाला दोर नव्हता, काढून ठेवला होता. बा रहाटाकडं बोट दाखवून वॉचमनला म्हणाला, "दोर आन रे. साएबांचं काम हाय." त्यानं आणला. पहिला पोहरा वर आला तेव्हा जी बाई बाला सगळ्यात लागेल असं बोलली होती, तिनं पाण्याचा तांब्या भरून आधी त्याच्यापुढं धरला. बा प्यायला. मग पुढची अर्धी घटका तो सगळ्यांना सांगत होता की ही विहीर खणताना त्याच्या बापानं एकट्यानं केवढा कातळ फोडला होता. अर्धं खोटं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

तेव्हापासून गेटला कुलूप नाही. आता तोंड गोड करून इथंच थांबायला हवं, पण माझा राग अजून उतरलेला नाही, कारण तो कार्यक्रम मी बघितला. त्यात बाचे प्रश्न नव्हते. वहिनीची हाक नव्हती. पांढऱ्या कुडत्यातला माणूस होता, रांगेत पाणी भरणाऱ्या बायका होत्या, बाकी नुसती बासरी. आणि वरून त्याचा आवाज, "मी माझ्या विहिरीचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. न मागता देणं, हा आपल्या मातीचा स्वभाव आहे." म्हणजे घेतली तेव्हा आम्ही नम्र आणि सोडली तेव्हा तो उदार! आमच्या हिसकावण्याचं श्रेयसुद्धा त्यानंच नेलं. मी टीव्ही बंद केला. गिऱ्हाइकं कुरकुरली, म्हटलं कुरकुरा.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. बाचं ठीक चाललंय. भजनात आवाज लागतो, काकडीची बढाई सुरू आहे. वहिनीचा भाऊ आला होता, पहिल्यांदाच भाचीला बघायला, इतके दिवस तो बाहेरगावी कामाला होता. चांगला, साधा माणूस. तिच्यासाठी फ्रॉक आणला होता. भाची आता दुडुदुडु चालते. ती अंगणातून पळत आली तशी त्यानं तिला उचललं, खांद्यावर बसवलं आणि सगळेच मामा विचारतात तसं लाडानं विचारलं, "ही कोनाची गो पोर?"

वहिनी चहा गाळत होती. मी ओट्यावर होते. दोघीही बाच्या तोंडाकडं बघत होतो, कारण याचं उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यानंच द्यायचं असतं आणि ते काय असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बा तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"आमची हाय," तो म्हणाला.

पाहुण्याचं तोंड उतरलं. त्यानं पोरीला हळूच खाली ठेवलं. बाला ते दिसलं, पण त्यानं शब्द बदलला नाही.